डोंबिवलीच्या नावाची संख्या

मानपाडा रोडने रिक्षातून डोंबिवली स्टेशन गाठणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. या स्टेशनच्या नावावर गणितात संख्यांची एक अख्खी जात आहे: डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. या संख्यांचा विचार दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना तिथे सुचला. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर ठाण्याच्या हायस्कुलात शिकले आणि १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत राहिले.

या जातीतली माझ्या मते सर्वांत देखणी संख्या सतरा अंकी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. हा नऊ एकांचा, म्हणजे १११११११११चा वर्ग. गुणाकार कागदावर मांडा. एकाखाली एक नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच १, शेजारी दोन, मग तीन, मधल्या रांगेत नऊ, आणि तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून रांगांमधली मोजणीच थेट उत्तर होऊन बसते.

कापरेकरांची नजर याच्याही पुढे गेली. मधला ९ बाजूला ठेवा आणि दोन्ही बाजूंची बेरीज करा: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. नऊच नऊ! १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, आणि मधे ३. संख्या दोन्हीकडून सारखी वाचता यायलाच हवी असंही नाही. २५५३ घ्या: २ + ३ = ५, मधे ५५. टोकांच्या बेरजेत मधलाच अंक पुन्हा उमटणं, ही डेम्लो संख्येची खूण. सहलेखक गुंजीकर यांच्यासोबत कापरेकरांनी हा सिद्धांत १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये मांडला.

आता त्या सतरा अंकी संख्येचे अवयव पाडू; ती ज्याचा वर्ग आहे, तिथून सुरुवात करू. १११११११११ = १११ × १००१००१. त्यातला १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. म्हणजे आपली सतरा अंकी संख्या ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांवर उभी आहे. त्यातल्या ३३३६६७ने मला वेड लावलं. १ला तिने भागलं की ०.०००००२९९७ येतं आणि हे नऊ अंक अखंड फिरत राहतात. नेमकं नऊ अंकांचं आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. कितीही मोठी शोधा, सापडणार नाही, कारण तशी संख्या ९९९९९९९९९ला भागायलाच हवी, आणि त्या संख्येच्या पोटात ३, ३७ आणि ३३३६६७ यांखेरीज मूळ अवयव नाही. ३चं आवर्तन एका अंकाचं, ३७चं तीन अंकांचं.

नऊऐवजी दहा एक घेतले तर मधल्या रांगेत दहा जमतात आणि हातचा सुरू होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ नाहीसा झालेला दिसेल. तो नेमका कुठे गेला हे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, हाताने गुणाकार करून शोधा.