व्यापाराने घडवलेली, व्यापाराला बंद असलेली वाट
वाटा आणि वाटसरू : लेखांक नववा

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या नॅचेझ या जुन्या शहरापासून निघून, अलाबामाचा एक कोपरा ओलांडून टेनेसीतील नॅशव्हिलच्या वेशीपर्यंत जाणारा 444 मैलांचा, म्हणजे सुमारे 715 किलोमीटरांचा, जो दुपदरी रस्ता आहे, त्यावर मालट्रक दिसत नाही, जाहिरातीचा फलक आढळत नाही, पेट्रोलचा पंप नाही, आणि ताशी 50 मैलांहून अधिक वेगाने गाडी हाकण्यास कायद्याची मनाई आहे. हा नॅचेझ ट्रेस पार्कवे. त्याचा कारभार राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे सोपवलेला असल्यामुळे, लांबीने चारशे मैलांवर आणि रुंदीने जेमतेम काही शे फूट असे हे एक उद्यानच आहे म्हणावयास हरकत नाही. व्यापारी वाहनांस जिथे आज मज्जाव आहे, ती वाट मुळात व्यापारानेच नावारूपास आणली, हा विरोधाभास ध्यानात ठेवल्याखेरीज या प्रवासाचे मर्म उलगडत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओहायो नदीच्या खोऱ्यातील शेतकरी आपला पिकवलेला माल, पीठ, डुकराचे मांस, तंबाखू, व्हिस्की, सपाट बुडाच्या तराफ्यांवर लादून ओहायोतून मिसिसिपीत आणि तिच्या प्रवाहाबरोबर नॅचेझ वा न्यू ऑर्लिन्सपर्यंत नेत. नदी त्यांस फुकट खाली आणून सोडी; पण प्रवाहाविरुद्ध तराफा वर नेणे अशक्य असल्याने, माल विकला की तराफ्याच्या फळ्याही इमारती लाकडाच्या भावाने विकून टाकावयाच्या आणि कमरेला रोकड बांधून पायी घर गाठावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. यांतले कित्येक केंटकीचे असोत वा नसोत, स्थानिक लोक त्या साऱ्यांना सरसकट ‘केंटक’ म्हणत. परतीची ही पायपीट सुमारे महिन्याभराची असे. दलदल, डास, पुराने फुगलेले ओढे आणि झाडीत दबा धरून बसलेले लुटारू यांतून जो सुखरूप सुटे, तो पुढच्या वर्षी पुन्हा तराफा बांधी.

वाट मात्र त्यांनी पाडलेली नव्हती. चॉक्टॉ आणि चिकसॉ लोकांच्या मुलुखातून त्यांच्या शिकारीच्या व देवघेवीच्या पायवाटा पूर्वापार होत्याच. नॅचेझपासून दहा मैलांवर आठ एकरांत पसरलेला एमरल्ड माउंड हा मातीचा प्रचंड चौथरा नॅचेझ जमातीच्या पूर्वजांनी युरोपीय माणूस या किनाऱ्यावर स्थिरावण्याच्या कितीतरी आधी रचलेला आहे. 1801 साली अमेरिकी सरकारने चिकसॉ व चॉक्टॉ यांच्याशी तहनामे करून या वाटेवरून टपाल व लष्कर नेण्याची मुभा मिळवली, तेव्हा सैनिकांनी झाडे तोडून ती रुंद केली आणि ठिकठिकाणी वाटसरूंसाठी ‘स्टँड’ नावाच्या साध्या सराया उभ्या राहिल्या. पुढे 1812 च्या सुमारास मिसिसिपीवर आगबोटी प्रवाहाविरुद्ध चालू लागल्या, आणि बोटीने आरामात परतणे शक्य झाल्यावर पायी चालणार कोण? दहा-पंधरा वर्षांत वाट ओस पडली. तिच्यावरून आणखी एक वाहतूक होत असे, जी निसर्गसौंदर्याच्या वर्णनांत बहुधा गाळली जाते: साखळदंडांत बांधलेल्या गुलामांचे तांडे याच वाटेने नॅचेझच्या ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या बाजारात आणून विकले जात. आणि ज्या जमातींनी तहनाम्यांवर सह्या केल्या, त्यांस 1830 नंतरच्या दशकात आपली भूमी सोडून पश्चिमेकडे जाणे भाग पडले. पार्कवेवर आज जी निःशब्द शांतता प्रवाशास मोह घालते, तिच्यात या रिकामेपणाचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

पार्कवेची कहाणी थोडक्यात सांगता येते. मिसिसिपीचे प्रतिनिधी जेफ बस्बी यांनी 1934 साली जुन्या वाटेच्या पाहणीचे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले, 1938 मध्ये पार्कवेस रीतसर मंजुरी मिळाली, आणि पुढील काम इतक्या सावकाशीने चालले की अखेरचे तुकडे 2005 साली पुरे झाले. नवा रस्ता जुन्या वाटेवरूनच जातो अशी समजूत करून घेऊ नये. तो तिला समांतर जातो, मधूनच छेदतो. मूळ वाट पाहावयाची तर 41 व्या मैलापाशी उतरावे. तिथल्या ठिसूळ मातीत असंख्य पावलांनी आणि पावसाच्या लोटांनी वाट पुरुषभर खोल गेली आहे, आणि दोन्ही काठांवरील झाडांची मुळे उघडी पडून डोक्यावर लोंबत आहेत.

आता मुक्कामांविषयी. या मार्गावर तंबू ठोकण्याच्या तीन सरकारी जागा आहेत, तिन्ही निःशुल्क. आगाऊ नोंदणी नाही, जो आधी येईल त्याची जागा, आणि विजेची जोडणी कुठेही नाही. पहिली, 54 व्या मैलावरची रॉकी स्प्रिंग्ज. शेजारी याच नावाचे गाव होते; 1860 साली गाव व भोवतालचा परिसर मिळून अडीच हजारांवर वस्ती होती. यादवी युद्ध, 1878 ची पीतज्वराची साथ, कापसावर पडलेली बोंडकिड आणि बेसुमार लागवडीने धुपून गेलेली जमीन, अशा एकामागून एक आलेल्या आघातांनी ते नामशेष झाले. 1837 चे विटांचे प्रार्थनामंदिर तेवढे उभे आहे. दुसरी जागा 193 व्या मैलावर, बस्बी यांच्याच नावाची, रात्रीपुरती ठीक.

तिसरी, 385 व्या मैलावरची, मेरिवेदर लुइस यांच्या नावाची. खंड ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत गेलेल्या मोहिमेचा हा नायक पुढे लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर झाला. त्याने काढलेल्या सरकारी हुंड्या वॉशिंग्टनच्या खात्याने नामंजूर केल्या, तेव्हा हिशेबाची सफाई देण्यासाठी तो या वाटेने निघाला आणि 11 ऑक्टोबर 1809 रोजी ग्राइंडर्स स्टँड या सराईत गोळी लागून, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. आत्महत्या की खून, हा वाद आजही चालू आहे. टेनेसी राज्याने 1848 मध्ये त्याच्या थडग्यावर मुद्दाम अर्धवट तुटलेला स्तंभ उभारला. ज्याने अवघे खंड पालथे घातले, त्याला कारकुनी हरकतींनी इथवर आणावे, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणाऱ्या वाचकांपैकी कोणास ही सफर करावयाची असेल, तर त्यांनी वसंतात किंवा ऑक्टोबरात जावे. उन्हाळ्यातील दमट उष्म्यात तंबूत झोप लागत नाही, आणि गोचिडांचाही त्रास फार. इंधन भरण्यास पार्कवे सोडून जवळच्या गावी जावे लागते, तंबूच्या जागी पाणी मिळेलच असे धरून चालू नये, आणि जागा उघडी आहे की नाही याची उद्यान-खात्याकडे आधी चौकशी करावी. विमानाच्या सोयीपायी पुष्कळजण नॅशव्हिलहून दक्षिणेकडे निघतात. ते मला गैरसोयीचे नव्हे, पण चुकीचे वाटते. केंटक चालत गेले ते दक्षिणेकडून उत्तरेकडे, मैलांचे आकडेही तसेच चढत जातात, आणि 438 व्या मैलावरचा 155 फूट उंचीचा दुहेरी कमानींचा पूल प्रवासाच्या शेवटीच यावयास हवा. आरंभ नॅचेझपासूनच करावा.