कागदी मण्यांचा हिशेब

जावेच्या मुलीचं लग्न होतं. पैठणी नेसले, गजरा माळला आणि मंगळसूत्राच्या जोडीला गळ्यात लाल-निळी लांब माळ घातली. मांडवात पाऊल टाकते न टाकते तोच वन्संनी माळ हातात घेतली. "अगबाई, हिला वजनच नाही! कसली गं ही?"

म्हटलं, "कागदाची."

झालं! "घरच्या लग्नात कागद घालून आलीस? लोक काय म्हणतील आम्हाला?"

मैत्रिणींनो, ही माळ माझ्या भाचीनं आणलीय, थेट कंपालाहून. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं ती युगांडात होती. तिथल्या बायका जुनी मासिकं, कॅलेंडरं, जाहिरातींचे कागद जमवतात. त्याच्या लांबट, निमुळत्या त्रिकोणी पट्ट्या कापतात. रुंद टोकाकडून सुरुवात करून पट्टी सुईभोवती घट्ट गुंडाळत न्यायची, टोकाला गोंद लावायचा, की मधे फुगीर असा मणी तयार. मग मणी दोऱ्यात ओवून त्यांना वॉर्निश लावायचं आणि वाळवायचं. एकेका मण्याला असे दोन-तीन हात. माझ्या माळेतल्या एका मण्यावर तर छापील अक्षरं अजून दिसतात.

भाचीनं या बायकांची हकिगत सांगितली, तेव्हा माझा हात आपोआप माळेवर गेला. त्यातल्या कितीतरी जणी उत्तर युगांडातल्या अचोली समाजाच्या. जोसेफ कोनी नावाच्या बंडखोराच्या टोळ्यांनी १९८७ पासून जवळजवळ वीस वर्षं तिथं थैमान घातलं. मुलं पळवून नेली, गावंच्या गावं उठवली. १५ लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. काही बायका जीव मुठीत धरून कंपालाला आल्या आणि टेकडीवरच्या खाणीत उन्हातान्हात खडी फोडू लागल्या. फावल्या वेळात त्या मणी वळायच्या, पण विकणार कुणाला? २००४ मध्ये काही अमेरिकन बायकांनी हे मणी पाहिले, आपल्या देशात नेऊन विकले आणि त्यातून 'बीडफॉरलाइफ' ही संस्था उभी राहिली.

अशा व्यवहाराला 'फेअर ट्रेड' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर रास्त व्यापार. त्याची जागतिक संघटना आहे, तिची दहा तत्त्वं आहेत. कारागिराला परवडेल असा दाम, बालमजुरी नाही, बाई-पुरुषाला सारखा मोबदला. आणि एक तर मी दोनदा विचारून घेतलं. हस्तकलेची ऑर्डर दिली, की मागितल्यास निम्मी रक्कम आगाऊ द्यायची, तीही बिनव्याजी!

दोनदा का विचारलं, सांगते. मी घरी साड्यांना फॉल लावते. गावातलं एक दुकान साड्या पाठवतं. एका साडीला २५ रुपये, दोरा माझा आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी, शेठच्या मनात येईल तेव्हा. मागायला गेलं की "ताई, पळून चाललोय का आम्ही?"

त्या रात्री मला शेठचा राग आला खरा, पण झोप उडाली ती वेगळ्याच आठवणीनं. गेल्या दिवाळीत बचत गटाच्या प्रदर्शनात एक बाई शिंप्याकडच्या उरलेल्या काठांपासून केलेली कानातली विकत होती. सुरेख होती. ८० रुपये म्हणाली. मी म्हटलं, "चिंध्याच तर आहेत, ५० ला दे." संध्याकाळ झाली होती, तिची शेवटची एसटी चुकत होती. तिनं दिली. मी घरी येऊन फुशारकीनं सांगितलं!

वन्सं माळेला कागद म्हणाल्या, मी कानातल्यांना चिंध्या म्हटलं. फरक काय राहिला?

खरं तर जुन्याचं नवं करणं आपल्याला नवीन का आहे? आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या झाल्या, त्यातून माझं मंगळसूत्र. सोनाराकडे घडणावळ आपण मुकाट मोजतो. कागदाची, कापडाची घडणावळ तेवढी फुकट वाटते. म्हणून असा दागिना घेताना 'कशाचा आहे' याच्या आधी विचारा, 'कुणी केला आणि तिला किती मिळाले?' आणि कागदी माळ घेतलीत तर पाण्यापासून जपा. अत्तर आधी लावा, माळ मागून घाला, काढल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा.

मी आणि शेजारच्या दोघी फॉलवाल्या मिळून शेठकडे गेलो. दर वाढला नाही. पैसे मात्र दर शनिवारी द्यायचं त्यानं कबूल केलं आणि आजवर पाळलंय.

संक्रांतीच्या वाणासाठी त्या कानातलीवाल्या बाईला शोधून काढलं. २५ जोड सांगितले. ती म्हणाली, "८० पडतील, ताई." 'साठला दे' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. पर्स उघडली आणि हजार रुपये आधी तिच्या हातावर ठेवले.