डोके नाही, की सराव नाही?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर नागलीची लावणी करणाऱ्याचा हात पहिल्याच दिवशी बसत नाही. मग गणित अडले की "मला डोकेच नाही" असे का म्हणावे? अमेरिकेत म्युलर व ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्या बहुतेक मुलांनी नवे शिकवणारे काम निवडले; हुशारीबद्दल मिळालेल्यांपैकी अनेकांनी हमखास जमणारे. कारण, हुशार ठरलेल्याला चुकण्याची भीती वाटते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात मात्र अशा शिकवणुकीचा फायदा थोडाच दिसला, तोही मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्यांना. म्हणजे नुसती जिद्द पुरत नाही. सराव व मार्गदर्शनही हवे. तेव्हा आज एक अवघड उदाहरण सोडवा, आणि अडलात तर नेमके कोठे, ते गुरुजींना दाखवा!