रात्रपाळी आणि अकरा महिन्यांचा कागद

परिचारिकेविषयी बोलायचे म्हणजे हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल आधी पुढे करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या दिव्याच्या उजेडात पगारपत्रक मात्र कोणी वाचत नाही. कामाला ‘सेवा’ म्हटले की मोबदला विचारणे अशिष्ट ठरते. ज्यांच्या पूर्वजांना ‘धर्म’ म्हणून फुकट राबवले गेले, त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

बऱ्याच रुग्णालयांत पाळ्या सारख्या नसतात. सकाळ-दुपारच्या सहा-सहा तासांच्या, आणि रात्रीची आठ ते आठ, सलग बारा तासांची. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक. प्रत्यक्षात रात्री भरलेल्या वॉर्डात एकटीच सिस्टर धावत असते, हे सरकारी दवाखान्यात नातेवाइकाच्या उशाशी रात्र काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. सलाईन, इंजेक्शने, ऑक्सिजन, मयताचे कागद आणि वर नातेवाइकांचा संताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले.

पण ही रात्र सगळ्यांना सारखी नसते. कायम परिचारिका पाळी बदलून मागू शकते, तक्रार लिहून देऊ शकते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि कंत्राटी परिचारिकांची संख्या वाढत गेली. अकरा महिन्यांचा करार, एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा नवा करार. खंड एवढ्यासाठीच की सलग सेवेचा दावा उभा राहू नये. पाळ्या लावणारा हात आणि नूतनीकरणाचा शेरा लिहिणारा हात पुष्कळदा एकच असतो. मग जास्तीच्या रात्री कोणाच्या वाट्याला येतील, याला लेखी आदेश लागत नाही.

न्यायालयाने काही दिले, काही नाकारले. २००६च्या उमादेवी निकालाने केवळ वर्षानुवर्षे काम केल्यामुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही असे ठरवले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच समान कामाला समान वेतन तात्पुरत्यांनाही दिले. बाळंतपणाचा लाभ करार संपल्यावरही देय आहे, हे दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरबाईंच्या दाव्यात २०२३ मध्ये ठरले. त्यांचा करार संपला होता २०१७ मध्ये. एवढी वर्षे लढायला परिचारिकेने बळ कोठून आणावे? मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली ती १९२८ साली.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोठी आहे. आमच्या कितीतरी मुलींना नर्सिंग ही सरकारी नोकरीत शिरण्याची वाट वाटली, ती राखीव जागेच्या भरवशावर. भरती खाजगी संस्थेकडे गेली की बिंदुनामावली कोण तपासणार? २०२२च्या मे महिन्यात राज्यातील परिचारिकांनी अशा बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संप केला. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला. तरुणांच्या रोषामुळे तो ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. अकरा महिन्यांचा कागद मात्र मागे घेतला गेला नाही.