एका मिलिमीटरचे तीन सेंटिमीटर

सैल स्टेअरिंग पहिल्यांदा हाताला कळतं. रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि स्टेअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवलं तरी गाडीला त्याची खबरच नसते. गॅरेजमध्ये सांगतात, प्ले आलाय. हा प्ले मोजायला साधी पट्टी पुरते. चाकं सरळ ठेवायची, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवायचं, आणि बोटांनी स्टेअरिंग हळूच फिरवत, पुढचा टायर हलायला लागेपर्यंत स्टेअरिंगची कड किती सरकते ते बघायचं. बऱ्याच लहान गाड्यांत 30 मिलिमीटरपर्यंत सूट असते. तीन सेंटिमीटर! यंत्रात एवढी ढिलाई कशी चालते, असं वाटतं. हिशेब करून पाहिला की थक्क व्हायला होतं.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत रॅक-पिनियन असतं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी पिनियन, आणि ते फिरलं की सरकणारा आडवा दातेरी दांडा म्हणजे रॅक. त्याच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात. स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक साधारण 40 मिलिमीटर सरकतो. स्टेअरिंगचा व्यास 37 सेंटिमीटर धरला तर कडेचा घेर भरतो 1160 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे रॅकच्या एका मिलिमीटरसाठी हाताला 29 मिलिमीटर फिरवावं लागतं. तीन सेंटिमीटरची ती उदार वाटणारी सूट खाली, सगळ्या सांध्यांची मिळून, जेमतेम एक मिलिमीटर आहे! ज्या रचनेमुळे इंजिनाचा भार पेलणारी चाकं दोन हातांनी वळतात, तीच रचना खालची झीज 29 पट मोठी करून आपल्या हातात आणून देते.

मग हा मिलिमीटर लपतो कुठे? पहिला संशय टाय रॉड एंडवर. बोराएवढा पोलादी गोळा, त्याला धरून बसलेली वाटी, आत ग्रीस, वर रबरी बूट. चाक खड्ड्यात आपटतं, वळतं, वर-खाली होतं, आणि गोळा वाटीत मुकाट्याने फिरत राहतो. बूट शाबूत आहे तोवर सगळं ठीक. तो फाटला की पावसाळ्यातलं पाणी आणि बारीक वाळू आत शिरते, आणि झीज थांबवणारं ग्रीसच आता घासायला लागतं.

तपासायला दोघं लागतात. गाडी जमिनीवरच हवी, म्हणजे टायर रस्त्याला धरून ठेवतात आणि सांध्यांवर ताण येतो. एकाने स्टेअरिंग हलकं झुलवायचं, दुसऱ्याने वाकून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. खराब सांध्यात दांडा आधी सरकतो, पलीकडची बाजू मागून. तो बारीक ‘टक्’ डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना जाणवतो.

यानंतर चाक उचलायचं, जॅकने, पण गाडी घोडीवर टेकवूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. चाक दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवल्यावर खडखडलं, तर दोष बहुधा टाय रॉडकडे. वर-खाली धरून डुललं, तर व्हील बेअरिंग किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट. या दोघांत निवाडा करण्याची युक्ती मला फार आवडते. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेकमुळे हब जागीच जखडला जातो, त्यामुळे बेअरिंगचा खुळखुळाट थांबतो. तरीही चाक डुललं तर गुन्हेगार बॉल जॉइंट. एकही पाना न लावता निकाल!

टाय रॉड एंड बदलताना स्प्लिट पिन काढली, नट सैल केला, तरी गोळ्याचा दांडा हलत नाही. तो निमुळता असतो आणि निमुळत्याच भोकात रुतून बसलेला असतो. जाणकार मेकॅनिक दांड्यावर हातोडा मारतच नाही. चाक वळवणाऱ्या ज्या आर्मला भोक आहे, त्या आर्मच्या बाजूवर मारतो. भोकाचा आकार क्षणभर किंचित बदलतो आणि दांडा सुटतो. जुना एंड किती आट्यांवर होता ते मोजून नवा तितक्याच आट्यांवर चढवायचा, स्प्लिट पिन नवीच घालायची, आणि मग अलाइनमेंट. आधी अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे वाया. त्याने प्ले जात नाही, आणि सैल सांध्यांवर ते टिकतही नाही.

सांधे धड असूनही प्ले राहिला, तर स्टेअरिंगच्या दांड्यातला जोड, म्हणजे कॉलमचा क्रॉस, बघायचा आणि मग रॅक. स्प्रिंगच्या दाबाखालचा एक ठोकळा रॅकला पिनियनवर टेकवून ठेवतो. त्याचा स्क्रू आवळला की प्ले कमी होतो, म्हणून आवळत जायचा मोह होतो. पण आपण बहुतेक वेळ सरळ चालवतो, त्यामुळे रॅकचे मधले दात सर्वांत जास्त झिजतात आणि टोकाचे जवळपास कोरे राहतात. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग जड होतं, अडकतं. म्हणून आवळल्यावर ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघतात, मग मोकळ्या जागी सावकाश वळण घेऊन पकड सैल सोडतात. स्टेअरिंग आपणहून मध्याकडे परतायला हवं. परतलं नाही तर स्क्रू पुन्हा सोडायचा, आणि रॅक बदलायचा.