पिशवी एक, रानं वेगळी

परभणी जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीची पहिली खूण फुलात दिसते. पाकळ्या उमलतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. पुढची अळी कोवळ्या बोंडात शिरते, छिद्र बुजतं आणि बोंड वरून धडधाकट दिसत राहतं. फुटल्यावर हाती येते डागाळलेली कवडी.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा ही वेळ पुन्हा येईल असं मानवत-सेलूच्या कापूस पट्ट्यात कुणाला वाटलं नव्हतं. मातीतल्या जिवाणूचा जनुक घातलेलं झाड अळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करत होतं. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. श्रेय द्यायलाच हवं.

पण चीन, ऑस्ट्रेलियात हा जनुक सरळ वाणांत आला, आपल्याकडे मुख्यतः संकरित वाणांत. संकरित कपाशीची घरची सरकी पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर हंगामाला नवी पिशवी. पिशवीची किंमत सगळ्यांना सारखीच. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात ती वसूल होते; जिंतूरकडच्या हलक्या, कोरडवाहू जमिनीत मात्र नेमकी बोंडं भरताना ओल तुटते.

पाण्याची सोय असलेला फरदड घेतो, कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवतो. त्याच उभ्या पिकावर गुलाबी अळीच्या पिढ्या वाढल्या, बीटीचं विष पचवू लागल्या. २०१७ मध्ये राज्यभर उद्रेक झाला, तेव्हा फरदड कधीच न घेतलेल्यांचीही बोंडं किडली. वेचणीच्या बायांचं नुकसान तर कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. मजुरी किलोवर, किडक्या बोंडातून कवडी ओढून काढायला वेळ दुप्पट आणि वजन निम्मं. त्यातच तणनाशकानं त्यांची खुरपणीची रोजंदारीही घटवली आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०२३ मध्ये एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे सरळ बीटी वाण पुढे आणले. त्यांची सरकी राखून पुन्हा पेरता येते. गुलाबी अळी त्यानं हटणार नाही. तिच्यासाठी डिसेंबरअखेर रान मोकळं करणं, तेही गावानं मिळून, हाच इलाज आहे. मात्र कोरडवाहू शेतकऱ्याचा बियाण्यावरचा खर्च या वाणांनी कमी होईल. आता पुरेसं बियाणं जिंतूरच्या माळापर्यंत वेळेत पोहोचवणं विद्यापीठाच्या आणि सरकारच्या हातात आहे.