हिंगोलीच्या छावणीतील एक साक्ष : जुनी प्रवासवृत्ते वाचताना



पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंग्रजी पुस्तकात आपल्या गावाचे नाव अवचित दिसले की मन हरखून जाते. पूर्वी अशी पुस्तके मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळत. आता ती इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र ती वाचताना दोन टोके गाठली जातात. कोणी छापील शब्द प्रमाण मानतो, तर कोणी साहेबाने लिहिले म्हणून सारेच खोटे ठरवितो. आमच्या मते दोन्ही वाटा सोप्या आहेत, आणि म्हणूनच फसव्या. हिंगोलीच्याच एका वृत्ताच्या आधारे हे पाहू या.

फिलिप मेडोज टेलर हा 1824 साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी मुंबईस उतरला आणि लवकरच निजामाच्या फौजेत दाखल झाला. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. शहरातील रिसाला बाजार हे नाव त्या काळाची आठवण आजही देते. टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. कथा कल्पित असली, तरी तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीत स्वतः अनुभवलेली हकिकत नोंदविली आहे. आमच्या दृष्टीने ही काही पाने कादंबरीहूनही मोलाची आहेत.

तो सांगतो की, त्या भागातील ठगांचा म्होरक्या हरी सिंग हा छावणीतील प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी देवघेवीचा संबंध आला होता. मुंबईहून कापड आणावयाचे आहे, असे सांगून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून परवाना मिळविला. प्रत्यक्षात ते कापड हिंगोलीजवळच्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते व तो ते घेऊन वाटेवर होता. त्याला, त्याच्या नोकरांना व गाडीवाल्यांना ठार करून हरी सिंगने तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून 100 यार्डांच्या आत, भर बाजारात माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम 500 यार्डांवर पुरली गेली, असेही तो लिहितो.

आता या मजकुराची फोड करू. प्रेते पुरलेल्या जागा उकरल्या गेल्या तेव्हा टेलर तेथे हजर होता. ती त्याची डोळ्यांदेखतची साक्ष. कापडाची गोष्ट मात्र हरी सिंगच्या कबुलीजबाबातून आलेली, म्हणजे ऐकीव. एकाच परिच्छेदात या दोन गोष्टी शेजारी बसल्या आहेत आणि वाचकाने त्या वेगळ्या करावयाच्या आहेत. कबुलीजबाब देणारे माफीचे साक्षीदार होते. इतरांची नावे सांगितल्यास फाशी टळण्याची आशा असे. अशा माणसाचे बोलणे खोटेच असते असे नव्हे, परंतु ते तोलूनच घ्यावे लागते. ठगी हा देशभर पसरलेला एकच धर्मपंथ होता, हे चित्र आज अनेक इतिहासकारांना मान्य नाही. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी 1969 साली व किम वॅग्नर यांनी 2007 साली त्याची कसून चिकित्सा केली.

आणखी एक खूण आम्हांस महत्त्वाची वाटते. लिहिणाऱ्याला अडचणीत आणणारा तपशील सहसा बनावट नसतो. परवाना इंग्रज अधिकाऱ्याने दिला, खुनी इसमाशी आपण व्यवहार केला, पहारा जागच्या जागी असताना खून झाले, हे सांगण्यात टेलरला कोणता मोठेपणा मिळणार होता? याउलट, अनेक राजे-रजवाडे, वाईट रस्ते व दुबळा बंदोबस्त ही गुन्ह्यांची कारणे तो देतो, तेथे राज्यकर्त्याचा सूर लागतो. हिंगोलीचे खून तर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालील छावणीतच झाले होते!

पुस्तक कोणासाठी लिहिले, हेही पाहावे लागते. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतींतून येशूसंघीय धर्मगुरू दरवर्षी वृत्तांत पाठवीत व ते पॅरिसमध्ये छापले जात. तेथील मूलनिवासींविषयी त्यांत अमोल माहिती आहे. परंतु ते फ्रान्समधील आश्रयदात्यांनी वाचावेत म्हणूनही लिहिले जात, हे विसरून चालत नाही.

अशा लेखनाचे परिणाम कागदावर राहत नाहीत. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा सदस्य असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. पुढे याच विचाराच्या वाटेने 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरली. तो कायदा 1952 साली रद्द झाला. तरीही गावाबाहेर पाल टाकणाऱ्या कुटुंबांकडे संशयाने पाहिले जाते, हे आपण जाणतोच.

मारल्या गेलेल्यांचा आवाज मात्र कोठेच नाही. 1857 च्या धामधुमीतून वाचलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला व तो 1907 साली छापला गेला. हिंगोलीच्या वाटेवरील प्रवाशांना ते भाग्य लाभले नाही. नदीला मिळणारा एक कोरडा, खंदकाएवढा ओढा आणि शेजारच्या गावाकडे जाणारा रस्ता, एवढीच खूण टेलर देतो. माफीचे साक्षीदार थंडपणे एकेक जागा दाखवीत गेले. अखेर पाहणाऱ्यांना शिसारी आली आणि पुढील शोध त्यांनी सोडून दिला.